सदसद्विवेक आणि आज्ञापालन (परंपरावादी कॅथलिक)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे (१९६२–६५) बदल, विशेषतः १९६९ ची नवी मिस्सा (मुख्य उपासनाविधी), न मानणाऱ्या कॅथलिकांपुढील पेच. पोपचा अधिकार हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग. मग पोपचीच आज्ञा श्रद्धेला बाधक वाटली तर काय करायचे?

मध्ययुगीन धर्मचिंतक थॉमस अक्वायनसच्या मते सदसद्विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणे पाप होय. पण ती स्वतःच्या हलगर्जीपणाने चुकली असेल, तर तिचे ऐकूनही सुटका नाही. इंग्लिश कॅथलिक धर्मचिंतक जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ मध्ये नॉर्फकच्या ड्यूकला लिहिलेल्या जाहीर पत्रात विवेकाला पोपच्या आधीचा मान दिला. मात्र विवेक म्हणजे स्वतःची मर्जी नव्हे, हेही त्यांनी तितकेच ठासून सांगितले.

या पेचाचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र (१९०५–९१) यांचे. पूर्वी डाकारचे आर्चबिशप असलेल्या लफेव्र यांनी १९७० मध्ये संत दहावे पायस संघ स्थापला. त्याचे गुरुकुल स्वित्झर्लंडमधील एकोन येथे होते. रोमची मनाई मोडून धर्मगुरूंना दीक्षा दिल्याने १९७६ मध्ये त्यांना धर्मकार्यास बंदी झाली. ५ मे १९८८ रोजी रोमच्या वतीने बोलणी करणाऱ्या कार्डिनल रात्सिंगर यांच्याबरोबर झालेल्या समझोत्यावर त्यांनी सही केली आणि दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. ३० जूनला पोपच्या संमतीविना चार धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. सहाही जण (लफेव्र आणि सहदीक्षक बिशप कास्त्रो मायर धरून) बहिष्कृत झाल्याचे रोमने जाहीर केले.

गंमत अशी, की विवेकाची ढाल लफेव्र यांना फारशी वापरता येईना. विवेकाविरुद्ध सक्ती नको म्हणणाऱ्या, परिषदेच्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे ते कडवे विरोधक होते. म्हणून त्यांनी आधार घेतला तो आणीबाणीचा: आत्म्यांचे तारण हाच चर्चचा सर्वोच्च कायदा आणि गरजेपोटी केलेल्या कृतीला शिक्षा नाही. युक्तिवाद कायद्यातलाच, पण आणीबाणी आहे हे ठरवायचे कोणी, या प्रश्नापाशी तो अडतो. पोपला वगळून परंपरा उरत नाही, असे तेव्हाचे पोप दुसरे जॉन पॉल यांचे उत्तर होते.

संघातून बाहेर पडून काहींनी संत पीटर बंधुसंघ काढला. त्यांना जुनी मिस्सा परवानगीने मिळाली. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मप्रांतांतील अशा परवानग्यांवर कडक बंधने घातली. लफेव्र यांचा संघ परवानगीवर चालतच नव्हता. त्याला झळ लागली नाही. चौघा बिशपांवरील बहिष्कार २००९ मध्येच उठला होता.