खाज मोजायची कशी?

दुसऱ्याला सुटलेली खाज औषधानं खरंच कमी झाली, हे ठरवायचं कसं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. खाजेचंही तेच. १६६० मध्ये साम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्यानं खाजेची व्याख्या केली : खाजवावंसं वाटायला लावणारी अप्रिय संवेदना. आता बघा, या व्याख्येत दोन गोष्टी आहेत. संवेदना आतली, ती दिसत नाही. खाजवणं बाहेरचं, ते दिसतं. पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

आपण बोलतोय ते यकृताच्या काही दुर्मिळ आजारांतल्या खाजेविषयी. प्रौढांत, विशेषतः स्त्रियांत, होणारा प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस किंवा लहान मुलांतला अलाजिल सिंड्रोम. यांत पित्ताचा नीट निचरा होत नाही आणि असह्य कंड सुटते. अंगावर मुळात पुरळ नसतं, तरी माणूस रक्त येईपर्यंत खाजवतो, झोप उडते. यकृत बऱ्यापैकी काम करत असूनही केवळ खाजेपायी यकृत बदलण्याची वेळ काहींवर आलेली आहे. म्हणून हा प्रश्न किरकोळ नाही.

जुनी समजूत अशी की, पित्तातले घटक रक्तात साठतात आणि तेच खाज आणतात. १९६१ मध्ये अमेरिकेत जेम्स कॅरी यांनी कोलेस्टिरामिन वापरून पाहिलं. हे औषध आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. रुग्णांना आराम पडला. मग काय, पित्ताम्लं मोजली की खाज मोजली, असं वाटणं साहजिक होतं.

पण २०१० मध्ये त्याच जातीच्या कोलेसेवेलम या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, म्हणजे प्लासिबो. औषधवाल्यांच्या रक्तातली पित्ताम्लं कमी झाली. खाज मात्र दोन्ही गटांत जवळपास एक तृतीयांश रुग्णांचीच ठळकपणे उतरली. म्हणजे रक्तातला आकडा सुधारला, पण प्लासिबोपेक्षा जास्त आराम काही पडला नाही. एरवी नुसत्या आशेनंही खाज उतरते, हेही इथे दिसलं.

त्याआधी, १९८८ मध्ये, कॅनडात रिफॅम्पिसिनची चाचणी झाली होती. क्षयरोगाच्या उपचारातलं हे औषध आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचं आहे. रुग्ण होते फक्त नऊ! दुर्मिळ आजारात माणसं आणायची कुठून? तेव्हा युक्ती अशी केली की, प्रत्येकाला एकदा औषध आणि एकदा प्लासिबो दिलं. कधी काय चाललंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच. औषध उपयोगी ठरलं. मात्र तेच औषध कधीकधी यकृताला इजाही करतं, त्यामुळे लक्ष ठेवूनच द्यावं लागतं.

अमेरिकेत नोरा बर्गासा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. रुग्णाच्या शब्दावर सगळं सोपवण्याऐवजी त्यांनी खाजवण्याच्या हालचाली उपकरणानं टिपल्या. नॅलोक्सोन शिरेतून दिल्यावर त्या कमी झाल्या, असं त्यांच्या १९९५ च्या चाचणीत दिसलं. हे मोठंच पाऊल. पण आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे अडतो. दात-ओठ खाऊन हात आवरणाऱ्या माणसाची खाज त्या यंत्रात कशी यायची?

आणि बोलताच न येणाऱ्या बाळाचं काय? अलाजिल झालेल्या ३१ मुलांवर मरॅलिक्सिबॅट या औषधाची चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हे औषध पित्ताम्लं आतड्यातून परत रक्तात शिरण्याची वाट अडवतं. मुलाची खाज किती, याची नोंद पालक रोज सकाळ-संध्याकाळ शून्य ते चार अशा श्रेणीत करत. आधी १८ आठवडे सगळ्यांना औषध दिलं. नंतर चार आठवडे काहींचं औषध चालू ठेवलं आणि काहींना गुपचूप प्लासिबो दिलं. त्या मुलांची खाज पुन्हा वाढली. मग सगळ्यांना औषध परत मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

आराम पडलेल्या मुलाचा आराम महिनाभर काढून घेणं हे योग्य का? आमच्या मते, पालकांना आधी नीट सांगितलेलं असेल, मुदत ठरलेली असेल आणि शेवटी औषध परत मिळणार असेल, तर हो. कारण त्याशिवाय पुढच्या मुलांना आपण नुसत्या आशेवर औषध दिलं असतं. पण ते चार आठवडे त्या मुलांनी सोसले, याची नोंद आकड्यांशेजारी राहिली पाहिजे. साठ वर्षांत रक्त तपासलं, हात मोजले. तरी शेवटी विचारावं लागलं ते रात्रभर उशाशी जागणाऱ्या आई-बापांनाच. आमच्या दृष्टीनं ती शास्त्रातली उणीव नव्हे. खाज ज्याची, त्याच्या किंवा त्याच्याजवळच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची शिस्त शास्त्र शिकलं, असं आम्ही म्हणू.