रेन मोड (मोटारसायकल)

रेन मोड : ओल्या रस्त्यावर मोटारसायकलचे मागचे चाक एकाएकी घसरू नये म्हणून इंजिनाची ताकद आणि ती चाकापर्यंत पोहोचण्याची गती आवरून धरणारी इलेक्ट्रॉनिक सोय. हँडलवरच्या बटणाने ती निवडतात. बहुतेक कंपन्या तिला ‘रेन’ असेच नाव देतात. सुझुकीने मात्र तिच्यासारख्या सोयीला नुसती अक्षरे दिली.

कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण गुणांक साधारण 0.7 ते 0.9 असतो. रस्ता भिजला की तो 0.4 ते 0.6 पर्यंत उतरतो. रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पुलाच्या सांध्यांवरच्या पट्ट्या यांच्यावर तो आणखी कमी होतो. सर्वांत फसवी असते ती पहिली सर. महिनोन्‌महिने साचलेले तेल, रबर आणि धूळ तिने सुटते, पण वाहून जात नाही. टायरची पकड मर्यादित असते आणि गाडी वळवण्यासाठी व तिला पुढे ढकलण्यासाठी ती त्याच एका साठ्यातून खर्च होते. वळणावर गाडी कललेली असताना त्यातला बराच भाग आधीच संपलेला असतो. अशा वेळी थ्रॉटलची मूठ जरा जास्त पिळली गेली तर मागचे चाक जागच्या जागी फिरू लागते आणि बाजूला सरकते. घाबरून मूठ झटकन सोडली, तर सरकणारा टायर पुन्हा रस्ता पकडतो आणि त्या हिसक्याने गाडी चालकाला उलट्या बाजूला फेकते. मोटारसायकलस्वार याला हायसाइड म्हणतात. साध्या घसरण्यापेक्षा तो जास्त इजा करतो.

या सोयीचा पाया म्हणजे मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये आलेला संगणक. पूर्वी थ्रॉटलची केबल इंजिनात हवा सोडणारी झडप थेट उघडत असे. यामाहाने 2006 च्या वायझेडएफ-आर6 वर झडप इलेक्ट्रिक मोटरच्या ताब्यात दिली. आज ही पद्धत ‘राइड-बाय-वायर’ म्हणून ओळखली जाते. मुठीजवळचा सेन्सर चालकाची मागणी कळवतो आणि झडप किती, किती वेगाने उघडायची ते संगणक ठरवतो. सुझुकीने 2007 च्या जीएसएक्स-आर1000 मध्ये केबल कायम ठेवूनही ए, बी, सी असे तीन पर्याय दिले होते. त्या गाडीत केबलने उघडणाऱ्या झडपेच्या जोडीला मोटरने फिरणारी दुसरी झडप होती. तिने हवा आवरली जाई. 2009 च्या अखेरीस बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू एस1000आरआर मध्ये रेन मोड घेतला की 193 अश्वशक्ती 150 वर येत असे. डुकाटीच्या 2010 च्या मल्टिस्ट्राडा 1200 मध्ये 150 अश्वशक्तीचे इंजिन शहरी आणि कच्च्या रस्त्यांच्या मोडमध्ये 100 वर बांधलेले होते.

मात्र कमाल ताकदीच्या आकड्यांवरून या सोयीची किंमत करणे चूक ठरेल. टीव्हीएसच्या 2020 च्या अपाचे आरआर 310 चे उदाहरण बोलके आहे. स्पोर्ट मोडमध्ये 34 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकद आणि 27.3 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर), तर रेन मोडमध्ये 25.8 पीएस आणि 25 न्यूटन-मीटर. म्हणजे ताकद सुमारे एक चतुर्थांश घटते, टॉर्क मात्र दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. कपात मुख्यतः इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांमध्ये होते आणि पावसात तिथवर सहसा कोणी जातच नाही. खरा उपयोग असतो तो मूठ आणि झडप यांच्या बदललेल्या नात्यात. खड्ड्यातून जाताना हात हलला, रेनकोटच्या ओल्या बाहीने मनगट आखडले, गारठ्याने बोटे बधिर झाली, तरी अर्ध्या सेंटिमीटरच्या त्या चुकीचा चाकाला झटका बसत नाही. रेन मोड आधी चालकाचा हात सावरतो, इंजिन त्यानंतर. हात सावरूनही चाक घसरू शकते. म्हणून जिथे त्याच्या जोडीला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचे चाक घसरू लागताच ताकद आवरणारी यंत्रणा, अधिक दक्ष होते, तिथे तो पूर्ण अर्थाने कामाला येतो. काही महागड्या गाड्यांत गिअर खाली टाकताना मागच्या चाकावर येणारा इंजिनाचा ओढाही तो कमी करतो. पावसाळी उतारावर ही मदत मोठी असते.

रेन मोडने टायरची पकड तसूभरही वाढत नाही. ताशी 60 किमी वेगातून थांबायला, घर्षण गुणांक 0.8 धरला तर, ब्रेक लागल्यापासून सुमारे 18 मीटर लागतात, 0.5 धरला तर 28 मीटर. चालकाला प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. हे दहा मीटर कोणत्याही मोडने कमी होत नाहीत. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण तेही नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. पुढचा टायर ब्रेकखाली किंवा शेवाळावर सुटला, तर थ्रॉटलवरचे नियंत्रण तिथे निरुपयोगी ठरते. ‘रेन मोड आहे’ म्हणून नेहमीच्या वेगाने चालवणारा चालक सोयीचा सगळा लाभ गमावून बसतो.

भारतात ही सोय मध्यम किमतीच्या गाड्यांतही आली आहे. पुण्याजवळच्या चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकच्या नव्या पिढीत स्ट्रीट, रेन आणि ट्रॅक असे पर्याय आहेत. बजाजच्या 2024 च्या पल्सर एनएस400झेड मध्येही रेन मोड आहे. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर ताम्हिणी, वरंधा, आंबोली यांसारख्या घाटांतून जाणाऱ्यांना तो विशेष उपयोगी पडतो, कारण तिथे पाण्यासोबत माती, पाला आणि दरडीची खडीही रस्त्यावर येते. मोड घाट सुरू होण्याआधीच निवडावा. बऱ्याच गाड्यांत तो बदलताना मूठ पूर्ण सोडावी लागते आणि कललेल्या गाडीवर वळणाच्या मध्यावर तसे करणे धोक्याचे आहे. चढावर मागे माणूस आणि सामान असताना गाडी सुस्त वाटते. म्हणून ओव्हरटेकचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. किल्ली बंद केल्यावर काही गाड्या मूळ मोडवर परततात. त्यामुळे चहाला थांबून पुन्हा निघताना मीटरवर एकदा नजर टाकलेली बरी.

रस्त्यावरच्या बहुसंख्य 100 ते 150 सीसी गाड्यांत असा मोड नसतो. त्यांच्यावर एक गिअर वरचा ठेवला, तर चाकावर येणारा टॉर्क कमी होतो आणि मुठीच्या हिसक्याचा परिणामही मऊ पडतो. मात्र तीव्र उतारावर वरचा गिअर फार लवकर घेऊ नये. इंजिनाचा आधार सुटून सगळा भार ब्रेकवर येतो.