डफाच्या थापेवर जागा झालेला महाराष्ट्र



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेसाठी त्या पाठ कराव्याच लागतात. परंतु ज्या महाराष्ट्र राज्यात आपण राहतो, ते राज्य तलवारीने मिळालेले नाही. ते सभांनी, सत्याग्रहांनी, हुतात्म्यांच्या रक्ताने आणि मतपेटीने मिळाले आहे. त्यात डफाचाही मोठा वाटा आहे. हा डफ वाजविणाऱ्यांत जे अग्रभागी होते, त्यांचे जन्मनाव मेहबूब हुसेन पटेल. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख या नावाने ओळखतो. आपल्या घराघरांत हे नाव ठाऊक असायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मराठी शाहिरी ही काही एका जातीची वा धर्माची मिरास कधीच नव्हती. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पेशवाईच्या अखेरच्या काळात राम जोशी, होनाजी बाळा यांच्याबरोबरीने ज्याच्या लावण्या गाजल्या, तो सगनभाऊ जातीने मुसलमान शिकलगार होता. तेव्हा ‘मराठी ही आपली भाषा की परकी?’ असा प्रश्न आपल्या मुलांना कुणी विचारलाच, तर त्याचे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच देऊन झालेले आहे, हे त्यांना सांगावे.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. आई मुनेरबी मात्र लोकगीतांची खाण होती. दळताकांडताना तिच्या तोंडून ऐकलेली गाणी हेच या मुलाचे पहिले पाठ्यपुस्तक. पुढे पोटासाठी त्यांनी मोटारगाडीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली, कामगारांच्या संपात पुढाकार घेऊन तुरुंगही पाहिला. नंतर कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत असताना मित्रांनी त्यांना ‘अमर’ हे नाव दिले आणि तेच कायमचे झाले. या माणसाजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता. होता तो पहाडी आवाज आणि सोसलेल्या दुःखाचे भान.

१९४४ च्या सुमारास मुंबईत ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ही त्यातील त्रिमूर्ती. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम दीड दिवस पाहिले होते. एक मुसलमान, एक मातंग आणि त्यांच्या जोडीला गवाणकर अशी माणसे एका डफाभोवती उभी राहिली. समाज जोडण्याविषयी ते व्याख्याने देत बसले नाहीत. त्यांच्याकडे पाहूनच श्रोत्यांना ते समजत होते.

हे काम पुस्तकाने का झाले नाही, असे विद्यार्थी विचारतील. १९५१ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात शंभरात सुमारे अठरा माणसेच साक्षर होती. गिरणगावातला कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेला. त्याला वर्तमानपत्र वाचता येत नसे, पण पोवाडा कळत असे. तमाशाचा गण, बतावणी आणि वग हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. या कलावंतांनी तोच ओळखीचा साचा घेतला आणि त्यात नवा आशय भरला. गणात देवतेऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले. गौळणीला फाटा मिळाला. वगात राजाराणीच्या जागी सावकार, गिरणीमालक, भाडेकरू आणि मजूर आले. शाहिराने एक ओळ टाकावी, झीलकऱ्यांनी ती उचलावी आणि बघता बघता हजारो श्रोत्यांनी तीत सूर मिसळावा! हजार माणसे एक ओळ एकत्र म्हणतात, तेव्हा ती काही क्षण तरी एकमेकांना परकी राहत नाहीत. शाहिराचे खरे सामर्थ्य यातच आहे.

त्याच काळात उर्दूतही हेच चालले होते. १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ ही जननाट्य संस्था स्थापन झाली. कैफी आझमी, अली सरदार जाफरी, ख्वाजा अहमद अब्बास यांची नावे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेतच. बंगालच्या दुष्काळावर अब्बास यांनी १९४६ मध्ये ‘धरती के लाल’ हा चित्रपट काढला. त्याच दुष्काळावर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला. भाषा दोन होत्या, पण तळमळ एक होती.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि मुंबईसह मराठी राज्याची मागणी त्यात डावलली गेली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. नेत्यांच्या भाषणांआधी सभेत शाहिरांचा डफ कडाडू लागला. अण्णा भाऊंनी ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली आणि ती अमर शेखांच्या आवाजात महाराष्ट्रभर पोहोचली. गावी राहिलेल्या मैनेचा विरह आणि तुटलेल्या महाराष्ट्राचे दुःख यांची सांगड त्या गाण्यात होती. आचार्य अत्रे त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हणत. मायकोव्हस्की म्हणजे रशियन क्रांतीचा कवी. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाने समितीच्या बाजूने कौल दिला. आपल्या पनवेलमधून समितीतील शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील विधानसभेवर गेले. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. गोवामुक्तीच्या लढ्यातही या शाहिराचा आवाज उमटला.

राज्य मिळाले, शाहिरांना काय मिळाले? हा प्रश्न टाळता येणार नाही. अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले, तेही दारिद्र्यातच. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख यांचा अंत झाला. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह त्यांच्या मागे राहिले. त्यांची कन्या मलिका अमर शेख मराठीतील नामवंत कवयित्री झाल्या. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. हा सन्मान योग्यच. पण ज्याच्या गाण्यावर लाखो माणसे उठली, त्याचे नाव आज त्याच राज्यातील किती विद्यार्थ्यांना सांगता येते, याचा विचार आपण करावा.

पालकहो, मुलगा गातो, चित्र काढतो किंवा नाटकात काम करतो म्हटले की आपण विचारतो, ‘याने पोट भरेल का?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजात शिक्षण आणि नोकरी यांची निकड मोठी आहे आणि मीही वर्गात अभ्यासावरच भर देतो. पण पोटाच्या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ही कला कुणाच्या उपयोगी पडेल? हुंड्यावर दहा व्याख्याने होतात आणि लोक जांभया देतात. त्याच विषयावर मुलांनी पंधरा मिनिटांची नाटिका केली, तर मोहल्ल्यात आठवडाभर चर्चा होते. अक्षर चांगले असलेल्या मुलीने मुलींच्या शिक्षणाविषयी भित्तिपत्रक लिहिले, तर तेही समाजकार्यच आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक छोटे काम सुचवितो. आपल्या कोकणी मुसलमान घरांतून लग्नकार्यात बायका आपल्या बोलीत गाणी म्हणत आल्या आहेत. ती बहुतेक तोंडीच राहिली आहेत. तुमच्या आजीजवळ, नानीजवळ बसा आणि ती वहीत उतरवून घ्या. मुनेरबीची गाणी तिच्या मुलाने कानांत साठविली, म्हणून महाराष्ट्राला एक शाहीर मिळाला. तुमच्या घरातली गाणी कुणी साठविली नाहीत, तर ती त्या माउलीबरोबरच जातील. यंदाच्या सुट्टीत एवढे करा. अमर शेखांना याहून चांगली आदरांजली दुसरी कोणती?