आधारपेशींची कॅल्शियमची भाषा

मेंदूत चेतापेशींच्या मधल्या जागेत काय असतं? जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखोने १८५६ साली त्या ऐवजाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. त्याच्या लेखी ते चेतापेशींना धरून ठेवणारं लुकण होतं. पुढे गॉल्जी आणि काहाल यांच्या रंजनपद्धतींनी त्यात ताऱ्यासारख्या, असंख्य फाटे फुटलेल्या पेशी दिसल्या, त्यांना अॅस्ट्रोसाइट हे नावही मिळालं. तरी आधारपेशी हा शिक्का पुसला गेला नाही.

विजेच्या मोजमापाने तो उलट पक्काच केला. हार्वर्डमध्ये स्टीफन कुफलर आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली सॅलॅमँडरच्या एका जातीच्या दृक्-चेतेतल्या ग्लिया पेशींचा विद्युतदाब मोजला. शेजारच्या चेतातंतूंनी बाहेर टाकलेल्या पोटॅशियममुळे तो सावकाश बदलायचा, पण चेतापेशीसारखा झटका काही यायचा नाही. विजेची भाषा येत नाही म्हणजे पेशी मुकी, असा अर्थ अनेकांनी लावला. दोष इलेक्ट्रोडचा नव्हता. तो विजेखेरीज दुसरं काय ऐकणार?

या पेशींची भाषा विजेची नव्हे, कॅल्शियमची होती. तिचा सुगावा आधी लागला तो पेशीपटलातून कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाहिन्यांमुळे. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे एक वाहिनी क्षणभर उघडली तरी आत संदेश उमटतो. ब्रायन मॅकविकरने १९८४ मध्ये बशीत वाढवलेल्या अॅस्ट्रोसाइटमध्ये विद्युतदाबावर उघडणाऱ्या कॅल्शियम वाहिन्या असल्याचं दाखवलं. अखंड मेंदूत त्या कितपत कामाला येतात, यावर मात्र वाद राहिला.

खरी कलाटणी एका रंगाने दिली. रॉजर चेन यांच्या गटाने कॅल्शियमला चिकटल्यावर चमक बदलणारी रसायनं बनवली. १९८५ चं फ्युरा-२ त्यांतलं सर्वांत गाजलेलं. अशाच एका रंगाने भारलेल्या अॅस्ट्रोसाइटवर येल विद्यापीठात अॅन कॉर्नेल-बेल आणि सहकाऱ्यांनी ग्लुटामेट हा चेतापेशींचा संदेशवाहक रेणू टाकला, आणि कॅल्शियमची लाट एका पेशीतून दुसरीत सरकताना पडद्यावर दिसली. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. लाटेचा वेग सेकंदाला मायक्रोमीटरांत मोजायचा, म्हणजे चेतापेशीच्या संदेशापुढे गोगलगायच. पण मुकेपणाचा आरोप तिथे कोसळला. १९९४ मध्ये व्लादिमीर पारपुरा, फिलिप हेडन आणि सहकाऱ्यांनी उलट दिशाही दाखवली: अॅस्ट्रोसाइटमध्ये कॅल्शियम वाढलं की तिच्यातून ग्लुटामेट सुटतं आणि शेजारच्या चेतापेशी जाग्या होतात.

हे कॅल्शियम येतं कुठून? बहुतांशी पेशीच्याच आतल्या साठ्यातून, असं उत्तर मिळालं. बाहेरचा संदेश आयपी३ नावाचा रेणू तयार करतो आणि तो साठ्यावरची वाहिनी उघडतो. अॅस्ट्रोसाइटमध्ये ही वाहिनी मुख्यतः आयपी३आर२ प्रकारची. मग ही वाहिनी नसलेले उंदीर घेऊन केन मॅकार्थी यांच्या गटाने २०१० मध्ये जाहीर केलं, की कॅल्शियमची ही उसळी नसली तरी चेतापेशींमधल्या जोडण्यांचं शिकणं बिनबोभाट चालतं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने नेमकं उलटं छापलं. कडाक्याचं भांडण जुंपलं. मला विचाराल तर ते विषयाला मानवलंच.

कारण सगळे पाहत होते मुख्यतः पेशीच्या मध्यभागी. बलजित खाख यांच्या लॉस एंजलिसमधल्या प्रयोगशाळेने कॅल्शियम दाखवणारे जनुकीय संवेदक वापरून बारीक फाट्यांकडे मोर्चा वळवला. २०१२ मध्ये तिथे टीआरपीए१ ही पेशीपटलावरची वाहिनी सापडली. ती बंद केल्यावर अॅस्ट्रोसाइटमधलं विश्रांतीतलं कॅल्शियम घटलं, गाबा हा अवरोधक संदेशवाहक शोषून घेणाऱ्या वाहकाचं काम मंदावलं आणि जवळच्या चेतापेशींवरचा अवरोधक संदेशही बदलला. २०१५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आयपी३आर२ नसलेल्या उंदरांच्या बारीक फाट्यांत कॅल्शियमची लुकलुक चालूच असल्याचं दाखवलं, आणि तिचा काही भाग पेशीबाहेरून येत होता. मध्यभाग शांत म्हणून जी पेशी गप्प मानली होती, ती कडांनी बोलतच होती. त्या उंदरांवर बेतलेले निष्कर्ष मग पुन्हा तपासावे लागले.