ट्रेफॉइल प्रथिने
जठर व आतडे यांच्या श्लेष्मकलेतून (बुळबुळीत अस्तरातून) स्रवणारी, त्या अस्तराचे रक्षण करणारी आणि त्याला झालेली इजा भरून काढण्यास मदत करणारी लहान प्रथिने. यांच्या रेणूत सुमारे ४० ॲमिनो अम्लांचा एक वैशिष्ट्यपूर्ण भाग असतो. त्यातील सहा सिस्टाइन घटक तीन डायसल्फाइड बंधांनी जोडले गेल्यामुळे साखळीला तीन वेढे पडतात व तिला बेलाच्या त्रिदळासारखा आकार येतो. या घट्ट बांधणीमुळे ही प्रथिने पाचक एंझाइमांच्या क्रियेतही बहुतांशी टिकून राहतात. मानवात त्यांचे तीन प्रकार असून त्यांना टीएफएफ-१, टीएफएफ-२ व टीएफएफ-३ अशी नावे आहेत. पहिला प्रकार प्रामुख्याने जठराच्या पृष्ठभागावरील कोशिकांत, दुसरा जठरग्रंथींच्या मानेजवळील कोशिकांत आणि तिसरा आतड्यातील चषक-कोशिकांत (श्लेष्मा स्रवणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या कोशिकांत) आढळतो. तिन्हींची जनुके २१ व्या गुणसूत्रावर एकमेकांशेजारी आहेत.

शोध : या प्रथिनांचा शोध दोन वेगळ्या वाटांनी लागला. डेन्मार्कमधील नोव्हो या कंपनीच्या संशोधकांना डुकराच्या अग्निपिंडापासून इन्शुलीन शुद्ध करताना उरणाऱ्या एका अंशात एक नवे पॉलिपेप्टाइड सापडले. त्याचे वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेच आज टीएफएफ-२ म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी स्ट्रॅसबर्ग येथे प्येर शांबाँ यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या संवर्धित कोशिकांत स्त्रीमदजन (इस्ट्रोजेन) या हॉर्मोनामुळे कार्यप्रवृत्त होणारे एक जनुक वेगळे केले. त्याला पीएस-२ हे नाव मिळाले. हेच आजचे टीएफएफ-१ होय. हे प्रथिन निरोगी जठराच्या श्लेष्मकलेतूनही स्रवते, असे मारी-क्रिस्तीन रिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले. अशा रीतीने कर्करोगाच्या संशोधनात प्रथम ओळख झालेले हे प्रथिन जठराचा नित्याचा घटक ठरले. लार्स थिम यांनी १९८९ मध्ये ही दोन प्रथिने व बेडकाच्या त्वचेतील काही प्रथिने यांच्या रचनेतील साम्य दाखवून त्यांचे एक कुल मानले. १९९१ मध्ये डॅनियल पोडोल्स्की यांच्या गटाने उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या (रॅटच्या) आतड्यातील तिसऱ्या प्रकाराचे वर्णन केले.

कार्य : श्लेष्मकलेला इजा झाली की, जखमेच्या कडेच्या कोशिका विभाजनाची वाट न पाहता चपट्या होऊन सरकतात आणि उघडा पडलेला भाग काही तासांतच झाकतात. कोशिकांची संख्या वाढण्याची क्रिया त्यानंतरची असते. ट्रेफॉइल प्रथिने मुख्यत्वे या सरकण्याला चालना देतात. शिवाय आधारापासून सुटलेल्या कोशिकांचा नियोजित मृत्यूही ती रोखतात. १९९६ मध्ये पोडोल्स्की यांच्या गटाने टीएफएफ-३ चे जनुक नसलेले उंदीर तयार केले. बृहदांत्रास इजा करणारे रसायन पाजल्यावर या उंदरांतील जखमा नीट भरून आल्या नाहीत व तीव्र बृहदांत्रशोथ होऊन ते मेले. मात्र हे प्रथिन बाहेरून आतड्यात सोडल्यावर अस्तराची दुरुस्ती सुधारली.

कर्करोगाशी संबंध : त्याच वर्षी स्ट्रॅसबर्गच्या गटाने टीएफएफ-१ चे जनुक नसलेल्या उंदरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या सर्वांच्या जठराच्या शेवटच्या भागात साध्या गाठी झाल्या आणि सुमारे ३० टक्क्यांत कर्करोग उद्‌भवला. मानवी जठराच्या अनेक कर्करोगांतही हे प्रथिन नाहीसे झालेले आढळते. त्यामुळे जठरात ते अर्बुदरोधक मानले जाते. टीएफएफ-३ चे चित्र वेगळे आहे. स्तन, अष्ठीला ग्रंथी इ. अवयवांच्या काही कर्करोगांत ते जादा प्रमाणात तयार होते. जागा सोडून सरकणे व आधार सुटूनही जिवंत राहणे हे गुण जखम भरताना उपकारक असतात, तर कर्ककोशिकांना तेच गुण आजूबाजूच्या ऊतकांत शिरण्यास उपयोगी पडतात. तथापि एखादे प्रथिन अर्बुदात आढळले म्हणजे तेच अर्बुदाचे कारण असते, असे नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत टीएफएफ-१ च्या अभावी उंदरांमध्ये स्तनातील अर्बुदे कमी न होता वाढली [⟶ कर्करोग].

उपयोग : या दुहेरी स्वरूपामुळे औषध म्हणून या प्रथिनांचा विचार सावधपणे करावा लागतो. बृहदांत्राच्या व्रणयुक्त शोथात नेहमीच्या औषधाबरोबर टीएफएफ-३ ची बस्ती देण्याच्या एका लहान चाचणीत (२००५) जादा लाभ दिसला नाही. निदानात मात्र त्याचा चांगला उपयोग झाला आहे. दीर्घकाळ अम्ल वर येत राहिल्यास ग्रसिकेच्या खालच्या भागातील अस्तर बदलून आतड्यासारखे होते. या विकृतीस बॅरेट ग्रसिका म्हणतात व तीतून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. निरोगी ग्रसिकेच्या अस्तरात टीएफएफ-३ नसते, बदललेल्या अस्तरात ते असते. या भेदाचा उपयोग करून केंब्रिज येथील रिबेका फिट्‌झजेराल्ड यांच्या गटाने एक पद्धत विकसित केली. तीत दोऱ्याला बांधलेली, स्पंज भरलेली गोळी गिळावयास देतात. जठरात आवरण विरघळून फुगलेला स्पंज वर ओढून घेतात व त्याला चिकटलेल्या कोशिकांत हे प्रथिन आहे काय, ते तपासतात. इंग्लंडमध्ये छातीत जळजळ होणाऱ्या सुमारे १३,२०० लोकांवर घेतलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या गटाला ही तपासणी देऊ केली होती त्यात बॅरेट ग्रसिकेचे १४० रुग्ण आढळले, तर नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात १३ आढळले.