टायफॉइडच्या रिपोर्टमधला 'एच' म्हणजे काय?

ताप आला की विडाल टेस्ट केली जाते आणि कागदावर चार ओळी येतात: टीओ, टीएच, एएच, बीएच. जव्हार-मोखाड्यात "टायफॉइड निघालाय" असे सांगत येणाऱ्या बहुतेकांना त्यातला 'एच' काय मोजतो हे कोणी सांगितलेले नसते. 'एच' मोजतो टायफॉइडच्या जिवाणूच्या शेपटीविरुद्ध आपल्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे. 'ओ' मोजतो त्याच्या बाहेरच्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडे. एएच आणि बीएच या पॅराटायफॉइडच्या दोन जिवाणूंच्या शेपट्या.

अक्षराचा उगम गमतीशीर आहे. पोहणारे काही जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत पसरतात तेव्हा काचेवर फुंकर मारल्यासारखा पातळ थर दिसतो. जर्मन भाषेत त्याला 'हाउख' म्हणतात, त्यावरून 'एच'. शेपटी नसलेले पसरत नाहीत, ते 'ओहन हाउख', म्हणजे फुंकरीविना, म्हणून 'ओ'.

शेपटी हलत नाही, फिरते

या शेपटीला पाठ्यपुस्तकात कशाभिका म्हणतात. ती माशाच्या शेपटीसारखी डावी-उजवी हलते असे पूर्वी समजत. 1973-74 मध्ये सिद्ध झाले की ती बुडाशी असलेल्या मोटरवर गोल फिरते. मोटरचा व्यास सुमारे 45 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा साधारण बावीस हजारावा भाग. याच कुळातल्या जिवाणूंमध्ये तिचे सेकंदाला 200 ते 300 फेरे मोजले गेले आहेत. घरातला पंखा सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो. तिला वीज लागत नाही. जिवाणूच्या आवरणाबाहेर साठलेले हायड्रोजनचे भारित कण आत शिरतात आणि त्या ओघावर मोटर फिरते, धरणाच्या पाण्यावर टर्बाइन फिरावे तशी.

इतक्या लहान जिवाला पाणी आपल्याला काकवी वाटावी तितके दाट असते. नुसते पुढे-मागे वल्हवून तो जागचा हलणार नाही, म्हणून मळसूत्रासारखी शेपटी. शेपट्या एका दिशेने फिरल्या की त्यांची जुडी बनते आणि तो सरळ जातो. उलट्या फिरल्या की जुडी सुटते, तो कोलांटी खातो आणि नवी दिशा पकडतो. आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचायला हे पोहणे त्याच्या कामी येते.

विहिरीत मात्र तो पोहून येत नाही. सेकंदाला 25 मायक्रॉन या वेगाने सरळ गेला तरी एक मीटर कापायला त्याला अकरा तास लागतील. त्याला विहिरीत आणतो पाऊस. मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे, पण त्याचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मग जूनच्या पहिल्या सरींनी उघड्यावरची घाण वाहून झऱ्यात आणि विहिरीत उतरते. त्या दिवसांत टीसीएल पावडर टाकलेले किंवा उकळलेलेच पाणी प्यावे. उकळीत शेपटी आणि जिवाणू दोन्ही संपतात.

मग रिपोर्ट कसा वाचायचा?

एकट्या 'टीएच' वाढल्याने आजचा ताप टायफॉइडचाच ठरत नाही. ही प्रतिपिंडे जुन्या आजारानंतर कित्येक महिने रक्तात राहतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला माणूस तिकडे टायफॉइड होऊन बरा झाला असेल, तर पावसाळ्यात मलेरियाच्या तापातही त्याचा 'टीएच' वाढलेला दिसू शकतो. टायफॉइडच्या गोळ्या सुरू होतात आणि मलेरिया तसाच राहतो. ही चूक जीवघेणी ठरू शकते. उलट पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही विडाल कोरी येऊ शकते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो.

म्हणून ताप असेल तर आधी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. भातलावणीत चिखलात काम केले असेल तर लेप्टोचाही विचार व्हायला हवा, तेव्हा डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. टायफॉइडची पक्की तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेले. ते शक्य नसेल तर सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा विडाल करून आकडा चौपट वाढला का ते पाहतात. एकाच कागदावर माझा स्वतःचा फारसा भरवसा नाही. बरे झाल्यावर "आकडा खाली आला का" म्हणून पुन्हा विडाल करण्याची तर गरजच नसते. आणि जुन्या चिठ्ठीवर सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नका. भारतातल्या टायफॉइडवर ते आता भरवशाचे राहिलेले नाही.

ताप दोन आठवडे ओलांडून पोट फुगले, अचानक जोरात दुखू लागले किंवा शौच डांबरासारखी काळी झाली, तर आतड्याला छिद्र पडल्याची किंवा रक्तस्रावाची शंका असते. अशा वेळी गावात सलाईन लावत बसू नका. 108 ला फोन करून रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

लसीबद्दलही विचारणा होते. टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना मोहीम काढून दिली होती. ती जिवाणूच्या 'व्हीआय' नावाच्या वेष्टनावर बेतलेली आहे, शेपटीवर नाही. त्यामुळे ती घेतलेल्या मुलाचा 'टीएच' वाढलेला असेल तर तो लसीमुळे नव्हे.