अलेग्रा कोणाची?

१८१७ च्या जानेवारीत शेलीच्या घरात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. १२ तारखेला बाथ या गावी क्लेअर क्लेरमॉंटला मुलगी झाली. क्लेअर म्हणजे मेरी शेलीची सावत्र बहीण. वय अठरा, लग्न झालेले नाही. मुलीचा बाप लॉर्ड बायरन, आणि तो आदल्या एप्रिलमध्येच इंग्लंड कायमचे सोडून गेलेला. त्याच महिन्यात लंडनच्या चॅन्सरी कोर्टात पर्सी शेलीविरुद्ध त्याच्या पहिल्या बायकोच्या माहेरच्यांनी अर्ज केला. हॅरिएटने डिसेंबरात पाण्यात जीव दिला होता. तिची दोन मुले, आयँथी आणि चार्ल्स, या बापाच्या हाती देऊ नयेत अशी मागणी होती. मार्चअखेर लॉर्ड एल्डनने ती मान्य केली. शेलीची मते आणि त्या मतांबरहुकूम त्याने केलेले वर्तन मुलांना अपायकारक आहे, असे न्यायाधीशाचे म्हणणे पडले. मुले पुढे एका डॉक्टर दांपत्याकडे सोपवली गेली.

हा निकाल त्या काळात किती अपवादात्मक होता, हे आज चटकन ध्यानात येत नाही. लग्नातून झालेल्या मुलाचा मालक बाप, आणि फक्त बाप. ‘मालक’ हा शब्द मी जाणून वापरतो. आईला आदर मिळायचा, हक्क नाही. बापाने तान्हे मूल आईच्या मांडीवरून उचलून नेले तरी कोर्ट सहसा त्याचीच बाजू घेई. शेलीकडून हा हक्क काढून घेतला गेला, तो त्याच्या नास्तिकपणामुळे आणि त्याने बायको टाकल्यामुळे.

लग्नावाचून झालेल्या मुलाचा हिशेब अगदी निराळा. ब्लॅकस्टोनने १७६५ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या ग्रंथात जुने लॅटिन सूत्र नोंदवले आहे: फिलियस नलियस, म्हणजे कोणाचेच नसलेले मूल. सूत्राचा मूळ रोख वारशावर होता. अशा मुलाला ना बापाची इस्टेट, ना आईची. पण त्यातून आणखी एक गोष्ट निघत होती. मूल कोणाचेच नाही, तर बापाचेही नाही. पोटगीपुरते १५७६ च्या कायद्याने गावचे न्यायाधिकारी बापाला धरत, पण तेही मूल गावाच्या खर्चाने पोसावे लागू नये म्हणून. ताब्याचा हक्क त्याला नव्हता. उलट, आईकडून जबरदस्तीने किंवा फसवून नेलेले अनौरस मूल किंग्ज बेंचने तिला परत देवविल्याचे निवाडे त्या काळात होते.

इथे थोडे आपल्याकडे वळून पाहू. धर्मशास्त्रात ‘कोणाचेच नाही’ असे म्हणून विषय मिटवलेला नाही, मूल कोणाच्या तरी खात्यावर लिहिलेच जाते. कुमारिकेचा मुलगा तो कानीन. मनूने तो तिच्याशी पुढे लग्न करणाऱ्याला दिला, याज्ञवल्क्याने मातामहाला. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की तू धर्माने पंडूचाच पुत्र, ते याच नियमाच्या आधारावर. एक मात्र पाहावे: मूल नवऱ्याला मिळते किंवा आजोबाला मिळते, आईला नाही. ती फक्त खूण, कोणत्या पुरुषाकडे जायचे ते सांगणारी. इंग्रजी कायद्याचा हिशेब कोरडा होता, पण त्याच्या पोकळीत निदान आईला उभे राहायला जागा होती.

आता बायरन. त्याला आधीची एक औरस मुलगी होती, एडा. पुढे गणिती म्हणून गाजलेली. कायद्याने तिच्यावर त्याचा पूर्ण हक्क. पण लेडी बायरन १८१६ च्या जानेवारीत महिन्याभराच्या एडाला घेऊन माहेरी गेली, चांगले वकील गाठले, आणि बायरनने त्या मुलीचे तोंड पुन्हा कधी पाहिले नाही. दुसरी ही बाथची मुलगी, जिच्यावर त्याचा कायद्याने काडीचा हक्क नव्हता. ती मात्र पुरती त्याच्या मुठीत गेली. तीन बाप-लेकरांच्या या गोष्टीत कायदा एका टोकाला आणि घडलेले दुसऱ्या टोकाला.

असे का झाले? क्लेअरने मुलगी स्वतःच दिली. १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या काठी मेरीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली त्याच दिवसांत, मुलाचे पुढे काय करायचे यावर बोलणे झाले होते. बायरनने आधी आपल्या सावत्र बहिणीचे, ऑगस्टाचे नाव सुचवले. क्लेअर तयार झाली नाही. मग ठरले, असे क्लेअर नंतर सांगत राहिली, की सात वर्षांची होईपर्यंत मूल आई किंवा बाप यांपैकी एकाजवळच राहील, आणि क्लेअरला ‘मावशी’ म्हणून भेटता येईल. कागद झाला नाही. क्लेअरजवळ ना पैसा ना घर. ती शेलीच्या आश्रयाने राहत होती आणि मूल शेलीचेच असल्याची कुजबुज होती. सरदाराघरी वाढलेली मुलगी सुखात राहील, तिला नाव मिळेल, असा तिचा हिशेब होता. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी याहून शहाणा हिशेब कोणाला सुचला असता, मला ठाऊक नाही.

९ मार्च १८१८ रोजी लंडनच्या एका चर्चमध्ये मुलीला क्लारा अलेग्रा बायरन हे नाव मिळाले. नोंदीत बापाचा उल्लेख मुलीचा ‘मानला गेलेला’ पिता असा आहे, आणि पत्ता: ठिकाणा नाही, युरोपात प्रवासात. त्याच आठवड्यात सगळे इटलीला निघाले. एप्रिलअखेर मिलानहून सव्वा वर्षांची अलेग्रा दाईबरोबर व्हेनिसला बापाकडे गेली.

पुढच्या शरद ऋतूत बायरनने एस्ते इथला आपला बंगला शेलींना वापरायला दिला आणि क्लेअरला काही आठवडे मुलगी मिळाली. या भेटीची किंमत दुसऱ्याच आईने मोजली. मेरीला घाईघाईने तिथे बोलावून घेतले गेले. प्रवासाच्या दगदगीत तिची तान्ही क्लारा आजारी पडली आणि सप्टेंबरात व्हेनिसमध्ये गेली. ऑक्टोबर संपता संपता अलेग्राला परत पाठवले. त्यानंतर क्लेअरने तिला पाहिले नाही.

बायरन क्रूर होता, असे एका शब्दात म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने तिला ५,००० पौंड ठेवले होते. अट इतकीच की तिने ब्रिटनच्या माणसाशी लग्न करू नये. आडनावाचे स्पेलिंगही थोडे बदलले, म्हणजे एडाशी गोंधळ नको. मुलगी कॅथलिक व्हावी, इटलीत मानाने नांदावी, असा त्याचा बेत. इंग्लंडात अशा मुलीचे काय होते हे त्याला पक्के ठाऊक होते. पण आईच्या पत्रांना तो उत्तर देईना, दिलेच तर तिसऱ्यामार्फत. १८२० मध्ये क्लेअरने मुलगी थोडे दिवस तरी पाठवा म्हणून विनवले, तेव्हा त्याने व्हेनिसच्या ब्रिटिश वकिलातीतल्या मित्राला कळवले की त्या घरी शाकाहारावर उपाशी राहायला आणि देव नाही हे शिकायला तो मुलीला पाठवणार नाही. त्यांनी स्वतःचे एक तरी मूल जगवले आहे का, असेही विचारले. शेलींची दोन मुले तोवर इटलीत दगावली होती. स्वतःच्या कवितेत धर्ममार्तंडांची यथेच्छ टर उडवणारा हा माणूस इथे लॉर्ड एल्डनचाच मुद्दा उचलतो. मुलाचा ताबा टिकवायचा म्हटला की माणूस हाताला लागेल तो दंडुका घेतो.

१ मार्च १८२१ रोजी चार वर्षांच्या अलेग्राला रावेन्नाजवळ बान्याकाव्हालोच्या मठात ठेवले गेले. खानदानी इटालियन मुली मठात शिकत, हे खरे. पण जिनिव्हाच्या वचनाप्रमाणे ती आता आईजवळही नव्हती आणि बापाजवळही नाही. क्लेअरने चिडून लिहिले, इंग्लंडातल्या चांगल्या शाळेचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. बायरनने ते पत्र त्या मित्राकडे धाडून दिले.

ऑगस्टमध्ये शेली तिला भेटून आला. त्याने सोन्याची साखळी आणि मिठाईची टोपली नेली होती. मुलगी आधी बुजली, मग त्याला मठभर पळवत फिरली, खोडी म्हणून घंटा वाजवून मोकळी झाली. आईला काय सांगू, असे विचारल्यावर म्हणाली, एक पापा पाठव आणि छान झगा पाठव, रेशमाचा नि सोन्याचा. बापाला निरोप: भेटायला ये. तिने शिक्षिकेच्या मदतीने त्याला तसे पत्रही लिहिले, गावची जत्रा पाहायला ये म्हणून. बायरन गेला नाही. ऑक्टोबरअखेर तो रावेन्ना सोडून पिसाला गेला, तेव्हाही तिला न भेटताच. क्लेअरने खोट्या सहीच्या पत्रावर मुलगी पळवून आणायचा बेत केला. शेलींनी तिला आवरले. २० एप्रिल १८२२ रोजी अलेग्रा तापाने गेली. वय पाच वर्षे, तीन महिने.

मेल्यावर बायरनने तिला इंग्लंडात पाठवले. आपल्या शाळेजवळच्या हॅरोच्या चर्चमध्ये तिला पुरावे आणि भिंतीवर शिळा लावावी, अशी त्याची इच्छा. चर्चच्या कारभाऱ्यांनी शिळेला नकार दिला, मूल अनौरस. दाराच्या उंबऱ्याजवळ, खूण न ठेवता, तिला मूठमाती दिली. नावाची पाटी १९८० मध्ये लागली, ती बायरनप्रेमींच्या संस्थेने लावली.

क्लेअर पुढे रशियात श्रीमंतांच्या मुली शिकवत राहिली आणि १८७९ मध्ये फ्लॉरेन्सला वारली. तिच्याजवळची पत्रे मिळवण्यासाठी एक अमेरिकन गृहस्थ तिच्या घराभोवती घोटाळत होता, ही हकिकत ऐकून हेन्री जेम्सने ‘द अ‍ॅस्पर्न पेपर्स’ लिहिली. त्या कथेत म्हाताऱ्या बाईजवळ कवीची पत्रे आहेत, मूल नाही. साहित्याच्या इतिहासाने क्लेअरकडे बराच काळ असेच पाहिले.

क्लेअर शेवटी ताबा मागतच नव्हती. भेट मागत होती. या गोष्टीसाठी तेव्हाच्या कायद्यात शब्दच नव्हता. तो आला १८३९ मध्ये, कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने नवऱ्याने नेलेल्या आपल्या तीन मुलांपायी चालवलेल्या झुंजीतून: सातपर्यंतच्या मुलाचा ताबा आणि मोठ्यांची भेट मागण्याची सोय. पण विवाहित आईला, आणि तिच्यावर व्यभिचार शाबीत नसेल तरच. क्लेअरसारख्यांसाठी मधल्या काळात, १८३४ मध्ये, गरिबांच्या कायद्याने अनौरस मुलाचा भार आईवर ढकलला होता. भार आधी आला, हक्क मागाहून: अशा मुलाबाबत आईचे म्हणणे मोलाचे, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने बर्नार्डो खटल्यात १८९१ मध्ये मान्य केले.

आपल्याकडे १८९० चा पालक आणि पाल्य कायदा त्याच इंग्रजी मुशीतला. १९५६ च्या हिंदू कायद्याच्या सहाव्या कलमात मात्र जुना विरोधाभास काळ्यावर पांढरा झाला: औरस मुलाचा नैसर्गिक पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई; अनौरस मुलाची आई, ‘तिच्यानंतर’ बाप. म्हणजे लग्न केलेली बाई दुसरी आणि न केलेली पहिली. हे दुसरेपण कादंबरीकार गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर भेटले. मुलाच्या नावचा, आईच्या सहीचा अर्ज परत आला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ याचा अर्थ ‘मेल्यावर’ नसून ‘गैरहजेरीत’ असा लावला.

पण पहिलेपणही कागदावर किती टिकते? २०१५ मध्ये त्याच न्यायालयापुढे दिल्लीची एक अविवाहित ख्रिस्ती आई होती. मुलाला एकटीने वाढवलेले. बचतीवर आणि विम्यावर त्याचे नाव लावायचे, तर बापाचे नाव द्या किंवा पालकत्वाचा दाखला आणा. दाखल्याला गेली, तर १८९० च्या कायद्याप्रमाणे बापाला नोटीस काढा. तिने नाव सांगायला नकार दिला आणि खालच्या दोन्ही कोर्टांत हरली. ६ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने नोटिशीची गरज नाही असे ठरवले, आणि अविवाहित आईने मुलाचा जन्मदाखला मागितला तर प्रतिज्ञापत्रावर तो द्यावा, असेही सांगितले. तिचा मूळ अर्ज परत खालच्या कोर्टात गेला, आता बापाला न बोलावता ऐकण्यासाठी.